चटणीच्या डब्यातली सनई

आमच्या घरात दोन वास कायम एकमेकांशी भांडत असायचे. एक मायच्या शेंगदाण्याच्या चटणीचा आणि दुसरा बाबांच्या राळेचा. राळ म्हणजे रेडिओच्या तारेला डाग देताना लागते ती. तापलेलं टोक तिच्यात बुडवलं की पांढरा धूर निघायचा आणि दर्ग्यात ऊद जाळावा तसा घरभर फिरायचा. नांदेडात आमच्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत बाबांचं मेज आणि त्याच्यावर पोट उघडून ठेवलेले लोकांचे रेडिओ. मागच्या खोलीत चूल आणि चुलीपुढं माय. मधे दार नव्हतं, नुसती चौकट होती, आणि त्या चौकटीत माझी जागा. इकडून माय म्हणायची, "सुजे, पीठ मळ," तिकडून बाबा म्हणायचे, "सुजाता, ह्याच्यावरचे रंग सांग." बाबांची नजर तेव्हाच अधू झाली होती. रेझिस्टन्सच्या अंगावर बारीक रंगीत पट्टे असतात, त्यावरून तो केवढ्याचा ते कळतं. ते पट्टे त्यांना दिसेनात. मी पिठाच्या हातानं तो गव्हाएवढा तुकडा उजेडात धरायची आणि सांगायची, लाल, लाल, काळा. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच, पण रंग सांगता सांगता त्यांचा अर्थ कळायला लागला, आणि अर्थ कळल्यावर हात गप बसेना. कुणी शिकवलं असं नाही. बाबांनी मना केलं नाही, एवढंच. माझ्यासारख्या पोरीला तेवढं पुष्कळ होतं.

आवाजांचं तर विचारूच नका. अर्धवट दुरुस्त झालेले रेडिओ म्हणजे अर्धवट बरे झालेले आजारी, सगळे एकदम कण्हणार. एकातून गाणं, एकातून बातम्या, एकातून नुसतीच खरखर. त्यात मायचा पाटा-वरवंटा, आणि संध्याकाळी मिलिंददादाची गिटार. मिलिंददादा माझा थोरला भाऊ. दिवसा कापसाच्या जिनिंगवर कामाला जायचा, केसात कापूस घेऊन घरी यायचा, आणि हातपाय धुतले न धुतले की गिटार मांडीवर. माय म्हणायची, "आधी भाकर खा रे बाबा, ते लाकूड काही पळून न्हाई चाललं." तो एका हातानं अंबाडीची भाजी खायचा आणि दुसऱ्या हातानं तारा दाबायचा. मी भाकरी भाजता भाजता त्याला गाण्याचे शब्द म्हणून दाखवायची, म्हणजे कुठं थांबायचं आणि कुठं वाजवायचं ते त्याला कळावं. म्हणायची म्हणजे नुसते शब्द बरं. गळा मला नव्हताच. आमच्या पार्टीतल्या कौसल्यामावशी तोंडावर सांगायच्या, "सुजाता, तू गाऊ नको माय, पाटा टाकी लावल्यावानी वाटतं."

पार्टी म्हणजे गायन पार्टी. वामनकाका तिचे मुख्य. पेटीवर ते स्वतः, ढोलकीवाला एक, बायकांत कौसल्यामावशी गायच्या, आणि एक म्हातारे सनईवाले होते. जयंतीचा महिना लागला की पार्टीला श्वास घ्यायला सवड नसायची. आज हदगाव, उद्या नायगाव, परवा पार लातूर जिल्ह्यात. सनईवाल्यांचा दम संपला आणि ते घरी बसले, तेव्हा पंचाईत झाली, कारण वामनकाकांच्या चाली सगळ्या सनई धरून बांधलेल्या. शब्द संपला की सनईनं तो उचलायचा, असं होतं ते. तिथं दादा पुढं झाला. म्हणाला, "काका, सनई मी गिटारीतून काढून दाखवतो." सगळे हसले. पण दादानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक लाल प्लास्टिकची पेटी आणली होती, साबणाच्या पेटीपेक्षा जरा मोठी. गिटारीची वायर तिच्यात घालायची, तिच्यातून कर्ण्याच्या मशीनला. वरती एक खटका. पायानं दाबला की गिटारीचा आवाज जाड व्हायचा, लांबायचा, तार छेडून सोडली तरी सूर आपला चालूच. पुन्हा दाबला की गिटार परत गिटार. अगदी सनई नाही, सनईची धाकटी बहीण म्हणा. लोकांना मात्र पटली. दादा त्या पेटीला पेडल म्हणायचा, माय तिला पिपाणी म्हणायची.

बाबांनी ती पेटी एकदाच उघडून बघितली आणि माझ्याकडे सरकवली. "ज्या यंत्राचं कामच आवाज बिघडवायचं हाय," ते म्हणाले, "ते बिघडलं का सुधरलं हे मी कसं ओळखू?"

तेव्हापासून पेडल माझ्याकडे. दर चार-दोन कार्यक्रमांनंतर दादा ते फडक्यात बांधून आणायचा. कधी तार तुटलेली, कधी खटका आत गेलेला. प्लास्टिकच ते, माणसाच्या पायाखाली किती दिवस टिकणार? मी डाग द्यायची, चिकटपट्टी लावायची, चुलीपुढं बसून तपासायची. पण आमच्या घरी तपासायचं म्हणजे बाबांच्या एका मरतुकड्या रेडिओच्या स्पीकरवर. मैदानात, कर्ण्यातून, हजार माणसांवरून जाताना तो आवाज कसा होतो ते मी कधी ऐकलंच नव्हतं. दादा जायचा, यायचा, गुळ-शेंगदाणे खात खात सांगायचा, आणि मी ऐकायची. मला पार्टीबरोबर जायचं होतं. एवढी एकच गोष्ट मला त्या वयात हवी होती. दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही. एकदा वामनकाका घरी आले तेव्हा धीर करून विचारलं. काका मला म्हणाले, "गाता येतं?" मी म्हटलं न्हाई. "वाजवता येतं?" न्हाई. "मग बाई, इस्टेजवर तुझं काम काय?" मी मायकडे पाहिलं. तिनं चहाच्या कपबशा गोळा केल्या आणि चुलीकडे गेली.

परवा माझी नात मुक्ता पुण्याहून इथं लातूरला आली होती. ती मोबाइलवर दाखवत होती, परदेशातली माणसं स्वस्तातली पेडलं विकत घेतात, आतलं सगळं काढतात, एकदोन भाग बदलतात आणि चांगल्या जाड धातूच्या डब्यात नव्यानं बसवतात. "आजी, याला रिहाउसिंग म्हणतात," ती म्हणाली. मी म्हटलं, बरं. आम्ही केलं तेव्हा त्याला काही म्हणत नव्हते. तेव्हा नायगावला फजिती झाली म्हणून केलं.

नायगावची फजिती दादानं मान खाली घालून सांगितली. माय येसरची आमटी वाढत होती. कार्यक्रम सुरू झाला, वंदना झाली, सगळं मैदान शांत. कौसल्यामावशींनी पहिली ओळ म्हटली, शब्द संपला, दादानं खटका दाबला, आणि सनईच्या आधी कर्ण्यातून एक बाई बोलायला लागली. चांगला खणखणीत आवाज. तेलुगूत बातम्या. बॉर्डर जवळ ना तिथून. दादा पुन्हा खटका दाबतो तर बाई गप, सनईसाठी दाबतो तर बाई सुरू. शेवटी लोक हसू लागले. पुढं बसलेला एक म्हातारा म्हणाला, "वामनराव, ही नवी गायिका कुठून आणली? चांगली हाय, पण आम्हाला काही समजून न्हाई राहिलं."

"काका काय म्हणाले?" मी विचारलं.

"काका हसले न्हाईत," दादा म्हणाला. "टेम्पोत बसल्यावर म्हणाले, मिलिंद, लोक वंदनेला हात जोडून बसलेले असतात. शिरूर अनंतपाळचा कार्यक्रम तुला शेवटचा मोका. तिथं जर ती बाई बोलली, तर गिटार घरी ठेवायची. मी पेटीवर भागवीन."

दादा जेवला नाही. मला मात्र माझं दिसत होतं. गिटार पार्टीत असेतो निदान पेडल तरी आमच्या चुलीपुढं येत होतं, आणि कधीतरी त्याच्या मागं लागून मी जाईन अशी आशा होती. गिटार घरी बसली की मीही घरी बसणार, कायमची.

बाई कुठून येते हे शोधायला वेळ लागला नाही. आमच्या घरीही दुपारी ती यायची, फक्त मराठीत. बाबांना विचारलं तर म्हणाले, "रेडिओत जी लहर हवेतून येती, ती ह्याच्यात बी येणारच. रेडिओला दार उघडं पाहिजे. ह्याला बंद पाहिजे." प्लास्टिकला दार कसलं, ती तर ओसरी. धातूचा डबा पाहिजे, चारी बाजूंनी बंद. मी मायला म्हटलं, "माय, एखादा डबा दे ना जर्मनचा." आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. स्टीलचा मागितला नाही, कारण स्टीलला भोक पाडायला आमच्याकडे अवजार नव्हतं. मायनं फळीवरून चटणीचा डबा काढला, बुटका, रुंद, झाकण ढिलं झालेला. चटणी दुसऱ्या भांड्यात ओतली आणि म्हणाली, "घे. तसं बी ह्याच्यात मुंग्या जाऊन राहिल्या."

डबा पालथा घातला म्हणजे बूड वर आलं. बूड सपाट आणि जाड, पाय सोसणारं. झाकण खाली, म्हणजे बॅटरी बदलायची तर काढता येणार. बुडाला खटक्याचं भोक, कुशीला दोन वायरींची भोकं. बुडावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं, गयाबाई. मायचं नाव. आमच्या वस्तीत कुणाच्या घरचं भांडं बिननावाचं नव्हतं. लग्नकार्यात सगळ्यांची भांडी एका ठिकाणी गोळा व्हायची, मग ज्याचं त्याच्या घरी परत जायचं ते त्या नावावर. म्हणून नावाकडे बघायची माझी नजर पत्त्याकडे बघायची. वरून रंग देणार होतेच. जयंतीच्या कमानीचा निळा रंग उरला होता, तो आतून-बाहेरून चांगला चोपडला, दादाला दिमाखदार वाटावा म्हणून. रंग वाळला तसं आतलं सगळं नव्या घरात बसवलं. ते करता करता एक कंडेन्सरही बदलला. जुना बारीक होता, बाबांच्या डबड्यातला जरा मोठा लावून बघितला, आणि आवाज एकदम पोटातून यायला लागला. दादा म्हणाला, "आता ही धाकटी बहीण न्हाई. आता ही खरी सनई."

आणि दुपार झाली तशी बाई पुन्हा बोलली. जर्मनच्या डब्यातून. दादा डोक्याला हात लावून बसला. मी रागारागानं पक्कड घेतली, वायर जिथं डब्याला घुसते तिथली चक्री अजून आवळली, पक्कड घसरली, रंग खरवडला गेला, चक्री उघड्या धातूला टेकली. आणि बाई गप. वाक्याच्या मधेच. मी हात मागं घेतला तरी गप. पुढच्या खोलीतून बाबा हसायला लागले. "रंग लावून दारं बंद करून राहिली होती," म्हणाले, "पण कडी कुठं लागली होती?" चक्री धातूला टेकल्याशिवाय ती लहर अडत नव्हती. मग मी भोकाभोवतीचा रंग नखानं, चाकूनं, जे मिळालं त्यानं खरवडला. अजूनही कुठं रंगवलेली लोखंडी पेटी दिसली की माझं नख आपोआप तिच्यावर जातं.

शिरूरला मला नेलं ते केवळ डब्याच्या काळजीनं. दादा वामनकाकांना म्हणाला, "रस्त्यात एखादी तार निघाली तर डाग कोण देईल?" काकांनी माझ्याकडे पाहिलं, कौसल्यामावशींकडे पाहिलं. मावशी म्हणाल्या, "माझ्याजवळ बसंल ती. खाती किती, जागा लागती किती!" मायनं भाकरी, चटणी आणि कांदा बांधून दिला आणि टेम्पो निघाला. लोहा, अहमदपूर, चाकूर. मागं उघड्यावर बसलेलो, मांडीवर डबा, तोंडात धूळ, कौसल्यामावशींच्या पदराला धरून मी. खड्ड्यात गाडी आपटली की सगळे आपापलं अंग सांभाळायचे, मी डबा सांभाळायची. ढोलकीवाले म्हणाले, "पोरी, लेकरू निजलंय का गं?" मी म्हटलं, "हाव, उठवू नका." त्यावर वामनकाकांच्या मिशा हलल्या. हसले की काय, कळलं नाही.

विहाराच्या पुढच्या मोकळ्या जागेत स्टेज होतं. निळी तोरणं, पाण्याचे रांजण, बायका एका बाजूला, पोरं पार पुढं. दिवस मावळता मावळता कार्यक्रम सुरू झाला. वंदना झाली. मी स्टेजच्या कडेला, पायऱ्यांपाशी, मावशींच्या पिशव्या घेऊन उभी. पहिलं गाणं. शब्द संपला, दादानं खटका दाबला. आणि ती सनई कर्ण्यातून निघाली. कसं सांगू? मी दोन खोल्यांत ऐकलेला आवाज तो, मेजाखाली मावणारा. इथं तो माणसांवरून, तोरणांवरून, पलीकडच्या लिंबाच्या झाडांवरून गेला. बाई नाही, खरखर नाही. पुढची एक म्हातारी मान डोलवत म्हणाली, "सनईवाला दिसंना कुठं गं?" माझ्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या, त्या उचलायचंही सुचलं नाही.

दुसऱ्या गाण्यात घात झाला. पार्टीतले सगळे अनवाणी गायचे, तसा रिवाजच होता. जर्मनवर रंग धरत नाही हे तेव्हा मला मालूम नव्हतं. दादा पाय ठेवील, उचलील, तसा निळा रंग टाचेला चिकटून निघायला लागला. त्याच्या तळपायाला बुडावरचे ठिपके लागले. त्यानं खाली बघितलं. मी कडेला उभी राहून त्याचा चेहरा बघत होते, आणि चुलीतलं लाकूड चुकून पायाखाली यावं तसा त्यानं पाय उचलला. मग तो पाय खाली येईना. कडवं संपत आलं, शब्द संपला, सनई आलीच नाही. गिटारीचा आपला पातळ टिणटिण आवाज आला आणि विरून गेला. वामनकाकांनी पेटीवरून मान वळवून बघितलं. ती नजर मी दादाच्या तोंडून ऐकलेली होती. नायगावची होती ती.

दादा माझ्याकडे बघून ओठांनी काहीतरी सांगत होता. मी पायऱ्या चढून वाकून वाकून त्याच्याजवळ गेले. "काय झालं? तार निघाली?"

"मायचं नाव हाय ह्याच्यावर," तो म्हणाला. वाजवणं चालूच.

"मग?"

"मग काय? मायच्या नावावर पाय देऊ का?"

"अरे दादा, आपण हे असलं काही मानतो का?"

"बाकी काही मानत न्हाई," तो म्हणाला. "मायचं नाव मानतो."

कौसल्यामावशी पुढचं कडवं घेत होत्या. मला बोलायला वेळ नव्हता. मी तिथंच दादाच्या पायाशी मांडी घातली, डबा पुढं ओढला आणि तळहात खटक्यावर ठेवला. शब्द तर मला पाठ होते, चुलीपुढं म्हटलेले. मावशींचा शेवटचा शब्द ओठावरून सुटला आणि मी दाबलं. सनई निघाली. ओळ संपली, पुन्हा दाबलं, गिटार परत गिटार. मग पुढचं कडवं, मग पुढचं गाणं. माझी मान खाली, हजार माणसं पुढ्यात, आणि मला फक्त मावशींचा श्वास ऐकू येत होता. पोरं पुढून ओरडली, "ओ ताई, डब्यात काय हाय?" मी वर बघितलंच नाही.

कार्यक्रम संपल्यावर पुरी आणि वांग्याची भाजी होती. वामनकाका पत्रावळ घेऊन आमच्या समोर येऊन बसले. मी आधीच बोलून टाकलं, "काका, उद्याच दुसऱ्या डब्यात बसवते. बिननावाचा घेते."

"हात लावू नको," काका म्हणाले. दादाकडे वळले. "तू ढोलकी बघून दाबत होतास. म्हणून तुझी सनई रोज मावशीच्या शेवटच्या शब्दावर पाय द्यायची. आज शब्द पुरा झाला, मग आली." मग पुरी तोडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या बारीला हिला घेऊन ये. काम हाय हिचं."

गाता येत नाही, वाजवता येत नाही, आणि स्टेजवर माझं काम होतं! टेम्पोत परत येताना मी मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले नाही, नुसते डोळे मिटून हसत होते.

घरी मात्र आम्ही एवढंच सांगितलं की डबा बिघडू नये म्हणून सुजाताला नेतात. नावाचं दादाला सांगवेना, आणि स्टेजवर बसायचं मला. तीन-चार कार्यक्रम असेच गेले. मग शेजारच्या सोजरबाई हदगावला माहेरी गेल्या, तिथं कार्यक्रम बघितला, आणि परत आल्या त्या थेट आमच्या चुलीपाशी. "गयाबाई, तुमची पोरगी तर भावाच्या पायाशी बसून डबा दाबून राहिली व! मला वाटलं पाय चेपून राहिली का काय!"

सोजरबाई गेल्यावर मायनं आम्हाला दोघांना पुढ्यात बसवलं. तव्यावर भाकरी होती, ती फुगत होती. दादानं सगळं सांगितलं, नाव कसं उघडं पडलं ते, पाय कसा उचलला ते. मला वाटलं मायचे डोळे भरून येतील. माय हसायला लागली. हसता हसता भाकरी करपली, ती उलटली आणि पुन्हा हसली.

"येडा रे येडा," ती म्हणाली. "त्या नावाला मी राखेनं घासते, विटेवर आपटते, मुंग्या लागल्या तर उन्हात फेकते. ते नाव हाय का मी हाय? आण तो डबा." मी डबा आणला. निळा रंग जवळजवळ सगळा गेलेला, गयाबाई लख्ख. मायनं तो दादासमोर जमिनीवर ठेवला. "ठेव पाय."

"माय, नको ना."

"मी सांगून राहिले ना? ज्याचं नाव हाय तीच सांगून राहिली. तुझी बहीण लोकांच्या पुढं भुईवर बसती, तुला बरं दिसतं? ठेव पाय आणि मोकळा हो."

पुढच्या खोलीतून बाबा म्हणाले, "मला ह्याच्यात विचारू नका."

दादा उठून उभा राहिला. मायचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता, आणि आता तर मायचा मानच ठेवायचा होता, दोन्हीकडून. त्यानं उजवा पाय उचलला. मी त्या पायाकडे बघत होते. तो एकदा खाली आला की दादाला पुन्हा माझी गरज लागणार नव्हती. टेम्पो, चाकूरचा रस्ता, मावशींचा श्वास, सगळं त्या पायाखाली जाणार होतं.  मधे बोलायची आमच्यात पद्धत नव्हती. पण तोंडावर काय उमटलं असेल ते उमटलं, आणि माय माझ्यासमोरच बसलेली होती.

"थांब," माय म्हणाली.

दादाचा पाय हवेत.

"सुजे," तिनं विचारलं, "तुला जायचं हाय का पार्टीत?"

तोवर मला पीठ मळ, रंग सांग, पाणी आण असंच सगळे म्हणायचे. तुला काय पाहिजे असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. मी म्हटलं, "हाव."

मायनं एकदा चुलीकडे पाहिलं, मग दादाच्या पायाकडे. आणि एवढे मोठे डोळे वटारून ओरडली की बाबांच्या हातातला पेचकस खाली पडला.

"काढ तो पाय! मायच्या नावावर पाय देतो का रे कुणी? लाज न्हाई वाटत?"

"आत्ता तूच म्हणालीस ना—"

"कुणी म्हणलं? मी न्हाई म्हणलं. आणि सोजरबाईला बी सांगते मी, वस्तीत सगळ्यांना सांगते, माझा पोरगा माझ्या नावाला पाय लावत न्हाई, म्हणून पोरीला जावं लागतं. इलाज न्हाई."

मग तिनं डबा उचलला, पदरानं पुसला, बुडावरची उरलेली निळी कपची नखानं काढली आणि माझ्या हातात दिला.

"धर. आणि दाबायचं तर नीट दाबत जा. माझं नाव हाय त्याच्यावर."